रानातला ससा आणि पिंजऱ्यातला ससा (परिसर अभ्यास, इयत्ता ३ री व ४ थी)



मुळाक्षरांच्या तक्त्यावर ‘स – ससा’ बघा. बहुतेक तक्त्यांवर पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा ससा असतो. राजारामपुरीतल्या मुलांच्या ओळखीचा ससाही तोच, पिंजऱ्यातला. पण हीच मुलं सुट्टीला कागल, भुदरगडकडं गावी जातात, तेव्हा माळावर किंवा उसाच्या फडाजवळ वेगळंच ‘ससं’ बघून येतात. मातकट रंगाचं, लांब पायांचं, दोन उड्यांत पसार होणारं.

हे दोन वेगवेगळे प्राणी आहेत. हा फरक फक्त परीक्षेपुरता नाही. तो माहीत नसला की रानातली पिल्लं कौतुकानं घरी आणली जातात आणि दगावतात.

दोघांत फरक काय?

१) मूळ : पिंजऱ्यातला ससा हा युरोपातल्या जंगली सशाचा पाळीव वंशज. आपला रानससा मूळचा इथलाच. त्याचं शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे काळ्या मानेचा. आपल्या भागातल्या रानसशाच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा असतो.

२) घर : युरोपातला ससा बीळ खणून कळपानं राहतो. रानससा बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाखाली बसून बसून झालेल्या खोलगट जागेत तो दिवसभर निपचित पडून असतो आणि संध्याकाळनंतर चरायला निघतो. आपण अगदी जवळ जाईपर्यंत तो हलत नाही, म्हणून पायाखालून उठल्यासारखा वाटतो.

३) पिल्लं : हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बिळातली पिल्लं जन्मतात तेव्हा उघडी असतात आणि त्यांचे डोळे मिटलेले असतात. रानसशाची पिल्लं अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. बिळाचा आडोसा नसल्यामुळं त्यांना पहिल्या दिवसापासून लपता आलं पाहिजे.

आई कुठं असते?

पिल्लू एकटं दिसलं की मुलं म्हणतात, “बाई, त्याची आई हरवली!” पण आई हरवलेली नसते. ती मुद्दामच लांब राहते, म्हणजे तिच्या वावरानं कुत्र्या-कोल्ह्याला पिल्लांचा पत्ता लागू नये. अंधार पडल्यावर ती येते, थोडा वेळ पाजते आणि जाते. एकटं पिल्लू म्हणजे अनाथ पिल्लू नव्हे, हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

पिल्लू दिसलं तर?

• हात न लावता मागं फिरा. सोबत कुत्रं असेल तर त्याला आवरा.
• ऊसतोड चालू असेल आणि पिल्लू कोयत्याच्या वाटेत असेल, तर गवतासकट अलगद उचलून जवळच्याच बांधावर गवतात ठेवा आणि लांब व्हा.
• कुणी घरी आणलं असेल तर अंधार पडायच्या आत जिथून उचललं तिथंच नेऊन ठेवा.
• गाई-म्हशीचं दूध पाजू नका. त्यानं जुलाब होतात. धरल्याच्या भीतीनंसुद्धा रानससा मरू शकतो.
• जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानसशाला संरक्षण आहे. त्याची शिकार करणं, त्याला पकडणं हा गुन्हा आहे, हे पालकांनीही लक्षात घ्यावं.

कृती : सशाची उडी

मैदानावर मातीत मुलांना दोन्ही हात टेकून सशासारखी उडी मारायला सांगा. हात आधी टेकवायचे, मग पाय हातांच्याही पुढं आणायचे. आता ठसे बघू द्या. पायांचे ठसे हातांच्या पुढं! सशाच्या पावलांचे ठसेही असेच उमटतात. गावी गेल्यावर मऊ मातीत असे ठसे आणि सुक्या, गोल लेंड्या शोधायला सांगा. ससा दिसला नाही तरी तो येऊन गेल्याचं कळतं.

भाषेशी जोड

‘सशाचं काळीज’ म्हणजे भित्रा, असं आपण शिकवतो. चंद्राला ‘शशांक’ का म्हणतात, तेही सांगा. शश म्हणजे ससा, अंक म्हणजे खूण.

विचार करायला प्रश्न

१) रानससा बिळात राहत असता, तर त्याची पिल्लं कशी जन्मली असती?
२) मातकट रंगाचा सशाला काय उपयोग?
३) माळावर प्लॉट पडले, गवत गेलं, तर ससा दिवसा कुठं लपेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच सांगू नका. मुलांना घरी मोठ्यांना विचारू द्या, “आपल्या भागात पूर्वी ससे कुठं दिसायचे?” आजी-आजोबा सांगतील त्या जागा वहीत लिहून आणू द्या. पुढच्या तासाला त्यातल्या किती जागी आज गवत शिल्लक आहे, ते मुलांनाच मोजू द्या.