मॉर्फिन घेणाऱ्या कर्करोग रुग्णातील मलावष्टंभ

कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन घेणारे रुग्ण पूरक उपचारार्थ आपल्याकडे येतात. मॉर्फिन थांबविण्याचा सल्ला त्यांना कदापि देऊ नये. आपले कार्य त्याच्या उपद्रवांपुरते आहे, आणि त्यांतील सर्वांत चिवट उपद्रव मलावष्टंभ होय.

मॉर्फिनने आंत्राची गतीच मंदावते. आपल्या परिभाषेत अपानवायूची अनुलोम गती खुंटते. अशा वेळी प्रथम हात जातो तो इसबगोलाकडे. आम्हीही पूर्वी तोच देत असू. इसबगोल मळाचे आकारमान वाढवितो. परंतु पुढे ढकलणारी गती नाही, रुग्ण पाणीही अल्प पितो, त्यामुळे मळ अधिकच अडकतो. येथे आंत्रास चालना देणारी सोनामुखी श्रेयस्कर, तीही मॉर्फिनच्या प्रारंभापासूनच. एरंडतैल मात्र बलवान रुग्णासच द्यावे, आणि असे रुग्ण विरळाच. पोट फुगणे, वांती, वायूही न सरणे ही लक्षणे दिसल्यास आंत्रावरोधाची शंका घ्यावी व विरेचन न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

अभ्यंगाविषयी एवढेच की, कर्करोग अस्थींत पसरला असल्यास वा प्लेटलेट घटल्या असल्यास मर्दन वर्ज्य. निद्रेसाठी हलक्या हाताचा पादाभ्यंग पुरतो.

औषधालयचालकांनी इसबगोल मागणाऱ्यास, घरी रुग्णाला अन्य कोणती औषधे चालू आहेत, हे अवश्य विचारावे.