शॉवरचं गणित : मॉडेलमध्ये काय ठेवायचं, काय वगळायचं?

फीडबॅक म्हणजे परिणाम पाहून कृती दुरुस्त करत राहणं. शॉवरखाली तुम्ही हेच करता: पाणी गार लागलं की नळ गरमकडे वळवता. हेच काम यंत्राला द्यायचं, तर त्या नळाचं गणिती मॉडेल कसं असावं?

समजा, दोन मॉडेल्स आहेत. पहिलं म्हणतं, नळ फिरवताच तापमान बदलतं. दुसरं म्हणतं, बदल होतो तेवढाच, पण पाइपमुळे तो ४ सेकंदांनी जाणवतो. नळ एकदाच फिरवून मिनिटभर थांबलात, तर दोन्हींचं उत्तर एकच येतं. मग फरक कुठे पडतो?

यंत्राला नियम देऊ: तापमानात जेवढी तूट, त्याच्या 'क' पट वेगाने, दर सेकंदाला, नळ वळव. पहिल्या मॉडेलनुसार 'क' कितीही मोठा घ्या, काही बिघडत नाही. दुसरं मात्र मर्यादा घालतं. 'क' आणि विलंब यांचा गुणाकार ०.३७ च्या आत असेल, तर तापमान हेलकावे न खाता स्थिरावतं. त्यापुढे हेलकावे येतात, पण विरत जातात. १.५७ च्या वर गेलात, की ते वाढतच जातात: आधी चटका, मग गारठा, मग आणखी मोठा चटका!

विलंब ४ सेकंद असेल, तर 'क' सुमारे ०.०९ च्या आत हवा. म्हणजे १० अंशांची तूट असताना नळ सेकंदाला ०.९ अंशाच्या वेगानेच वळवायचा.

आता पाइपमध्ये पाणी एखादा अंश थंड होतं असं समजा. हे मॉडेलमध्ये नसलं तरी चालेल. तूट उरली आहे तोवर यंत्र नळ वळवतच राहतं आणि ती भरून निघते. विलंब मात्र फीडबॅकला भरून काढता येत नाही, कारण माहितीच उशिरा पोचते.

म्हणून मॉडेल निवडताना हे सूत्र धरा: फीडबॅक जे स्वतः दुरुस्त करतो, ते ढोबळ चालेल, जे फीडबॅकलाच अडवतं, ते मॉडेलमध्ये हवंच. झिगलर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये कारखान्यांतल्या कंट्रोलरसाठी नियम दिले. त्यांतल्या एका पद्धतीला दोनच आकडे लागतात: विलंब आणि त्यानंतरच्या बदलाचा वेग.

तुमच्यासाठी प्रश्न: पाइप दुप्पट लांब केला, तर 'क' किती ठेवाल?