शीट मास्क : आधी पारख, मग वापर

हळदीच्या आदल्या दिवशी नवा शीट मास्क लावून पाहण्याचा मोह आवरावा. त्यातील सुगंधी द्रव्य त्वचेला सोसले नाही तर पुरळ उठते, आणि ते कधी कधी दोन दिवसांनी, म्हणजे ऐन लग्नात उठते! म्हणून पंधरवडा आधीच मास्कचा छोटा तुकडा कोपराच्या आतील बाजूस वीस मिनिटे ठेवून तीन दिवस वाट पाहावी.

दोन मास्कपैकी कोणता चांगला? दोन्ही मधोमध उभे कापावेत. चेहरा धुऊन एकाचा अर्धा भाग उजव्या गालावर, दुसऱ्याचा डाव्या गालावर पंधरा मिनिटे ठेवावा. उरलेले तुकडे हातांवर ठेवावेत, वाया का घालवायचे? कापड चेहऱ्यावर वाळू देऊ नये. लगेच दिसणाऱ्या चमकेवर भुलू नये. ती ओल्या त्वचेची असते. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. कोणता गाल मऊ आहे, कोणता ओढल्यासारखा वाटतो, हे बोटांनी पाहावे.

पाकिटावर ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक आम्ल असेल तर ओलावा टिकण्यास मदत होते. ‘गोरेपणा’चे आश्वासन मात्र वाचून सोडून द्यावे. मास्कनंतर नेहमीचे क्रीम लावावे. इसब किंवा पिकलेल्या पुटकुळ्या असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.