पडीक तुकड्यातील हरळी आणि लव्हाळा

वाटणीत म्हणा, खरेदीत म्हणा, एखादा पडीक तुकडा हाती आला म्हणजे माणसाला आधी आनंद होतो, आणि पहिला पाऊस पडला की रडू येते. वरून मोकळी दिसणारी जमीन आठ दिवसांत हिरवीगार होते, पण ती हिरवळ आपण पेरलेली नसते. आपल्या वारकरी मंडळींना ही अडचण विशेष जाणवते. तण जोर धरते ते नेमके ज्येष्ठ-आषाढात, आणि तेव्हाच आपली पावले पंढरीच्या वाटेला लागलेली असतात. वारी चुकवावयाची नाही आणि तुकडाही घालवावयाचा नाही, हे कसे साधावे एवढाच या पाठाचा विषय आहे.

मला स्वतःला असा तुकडा मिळाला तो ३ गुंठ्यांचा, ओढ्याकाठी, काळ्या जमिनीचा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. तेव्हा ही काही जमीनदारी नव्हे. घरापुरती भाजी व्हावी, एवढीच आशा. दहा वर्षे तेथे औत गेले नव्हते. मी काय केले? घाई केली. वारी तोंडावर आली असताना ट्रॅक्टरवाल्याला बोलावून रोटाव्हेटर फिरवून घेतला. जमीन अशी भुसभुशीत झाली की पाहणाऱ्याने वाहवा करावी. भेंडी-गवारीचे बी टाकले आणि दिंडीत गेलो. परत येऊन पाहतो तो भेंडी हाताने चाचपून शोधावी लागली. थोरल्या वहिनी बांधावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, वारी केलीत अन् रान घालवलंत." बोलणे मनाला फार लागले. कारण त्यात वारीलाच दोष येत होता, आणि मला उत्तर देता आले नाही. पुढे उकरून पाहिले, जाणत्यांना विचारले, तेव्हा कळले की दोष वारीचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

तो कसा, हे समजण्यासाठी माउली, तणाकडे वरून न पाहता खालून पाहिले पाहिजे. काही तणे बियांवर जगतात. गाजरगवत त्यांपैकीच, १९५५च्या सुमारास पुण्यात ते प्रथम आढळले आणि आता कोणता उकिरडा त्याच्यावाचून राहिला आहे? एका झाडाला हजारोंनी बी येते, म्हणून फुलण्यापूर्वी ओल्या जमिनीतून मुळासकट उपटले की त्या झाडापुरते काम संपते. मात्र उघड्या हाताने उपटू नये, अंगाला खाज सुटते. अशी तणे त्रास देतात, पण ती सरळ आहेत. हरळी आणि लव्हाळा सरळ नाहीत. त्यांची खरी शिदोरी जमिनीच्या पोटात असते.

हरळी म्हणजे गणपतीला आपण वाहतो त्याच दूर्वा; देव्हाऱ्यात पवित्र आणि वाफ्यात वैरीण. तिच्या काशा जमिनीखाली वीतभर खोल पसरतात, काळ्या रानात त्याहूनही खाली जातात. काशीला पेराखाली पेर असते आणि प्रत्येक पेराला डोळा. आता रोटाव्हेटर काय करतो? एका काशीचे वीस तुकडे करतो आणि ओलीत पुरून ठेवतो. उसाचे बेणे आपण लावतो ते याहून निराळे काय असते? मी पैसे देऊन हरळीची लावण करून घेतली होती!

लव्हाळ्याचे आणखी वेगळे आहे. त्याच्या गाठी तारेसारख्या मुळाने एकमेकींस बांधलेल्या असतात, माळेत मणी ओवावेत तशा. पुढची गाठ कोंब धरून उभी असते तोवर मागच्या बहुधा झोपून राहतात. माळ तुटली की त्या जाग्या होतात. म्हणून लव्हाळा वरून उपटला की एकाच्या जागी तीन उगवले असे वाटते, तो भास नव्हे. त्यातून उगवल्यापासून तीन-चार आठवड्यांत तो नवी गाठ धरू लागतो. आणि पायी वारीला आळंदीहून जाताना अठरा-एकोणीस दिवस, पुढे पौर्णिमेचा काला, मग परतणे; म्हणजे साडेतीन आठवडे घराबाहेर. हिशेब पाहा कसा जुळतो! आपण पंढरीहून येतो तेव्हा लव्हाळ्याने आपली नवी शिदोरी बांधलेली असते.

तिसरा कुंदा. तो भारी काळ्या जमिनीत असतो आणि हातभराहूनही खाली जातो. तो असेल तर खोल नांगरट किंवा पहारीने खणणे यांवाचून गत्यंतर नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला. तेथल्या लोखंडी नांगराचे शेतकऱ्यांना अप्रूप वाटले ते अशा रानांमुळेही. माझ्या तुकड्यात कुंदा नव्हता, ही कृपा.

दुसऱ्या वर्षी मी चैत्रातच आरंभ केला. सूर्य हा येथे मोठा मजूर आहे आणि तो फुकट राबतो. टिकावाने वीत-दीड वीत खोल खणावे, मोठी ढेकळे उलटी टाकावीत आणि ती फोडू नयेत. पुष्कळजण येथेच चुकतात. ढेकूळ दिसले की हात शिवशिवतो. पण ढेकूळ तापते, भेगाळते आणि आतली काशी वाळून जाते. पंधरा दिवसांनी ढेकळे पुन्हा उलटावीत. सुटलेल्या काशा दाताळ्याने ओढून वेचाव्यात, बांधावर न टाकता खडकावर पसराव्यात. उकिरड्यात ओल्या टाकल्या तर त्या खताबरोबर परत येतात. लव्हाळ्याच्या गाठीही उन्हात वाळून मरतात, मात्र उघड्या पडल्या तर. मातीत दडलेली गाठ उन्हाला भीक घालीत नाही. आम्ही दोघे नवराबायको सकाळी दोन तास खणत असू. एका गुंठ्याला बारा दिवस लागले. तिसरा गुंठा तसाच राहिला, अंगात बळ उरले नाही. त्यावर काळे प्लास्टिक अंथरून पाहिले. हरळी खाली पिवळी पडली खरी, पण लव्हाळ्याचे कोंब सुईसारखे टोकदार, ते प्लास्टिक भोसकून वर आले.

मग वारीचा प्रश्न. लव्हाळा आणि हरळी दोघांनाही सावली सोसत नाही, ही त्यांची दुबळी बाजू. वळवाचा पाऊस पडल्यावर जे उगवले ते आठ दिवस उगवू दिले, आणि ओल्या मातीतून खुरप्याने गाठीसकट काढले. नंतर दाट ताग फोकला, गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो बी. पाऊस लांबला तर प्रस्थानापूर्वी धूळपेरणी करून निघावे. ताग भराभर वाढतो, खाली अंधार करतो. मी परत आलो तेव्हा तो मांडीला लागत होता. आत शिरून पाहिले तर लव्हाळा होता, पण पिवळा, लांबट, जीव गेल्यासारखा. श्रावणात फुलाच्या सुमारास ताग कापून जागीच गाडला. त्याचे खत झाले ते वेगळेच.

तथापि तागाच्या भरवशावर सगळे सोडू नये. तागाच्या कडेला ऊन लागते आणि तण तेथूनच आत शिरते. पंधरा दिवसांतून एकदा कोणीतरी कडेने खुरपे फिरवले पाहिजे. मी संकोच सोडून वहिनींनाच विचारले. त्या म्हणाल्या, "फिरवीन की. पण कार्तिकीला मी जाणार, तेव्हा माझ्या मेथीला पाणी तुम्ही द्यायचं." तेव्हापासून आमची अशी पाळी ठरली आहे, आणि रान घालवल्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढलेली नाही.

एका वर्षात रान स्वच्छ होईल असे कोणी सांगितले तर मानू नये. हरळी दोन उन्हाळ्यांत आटोक्यात आली. लव्हाळ्याला तिसरे वर्ष लागले; त्या पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी, गाठ धरण्यापूर्वीच, दिसेल तो कोंब काढीत गेलो. खालची गाठ कोंब पाठवून पाठवून रिकामी होते, मग उगवत नाही. या कामी आमची नात फार उपयोगी पडली; तिची नजर खाली, माझी कंबर वर.

आता दोन गुंठ्यांत वांगी, गवार, मेथी निघते. तिसऱ्यातही कांदा घेतला. ओढ्याकडच्या बांधाची हातभर रुंद पट्टी तेवढी राहिली आहे. शेजारच्या पडीक रानातून हरळी तेथून हळूच आत येते. यंदा वहिनी कार्तिकीहून आल्या म्हणजे दोघांनी मिळून त्या बांधाला चर खणायचा ठरले आहे, गुडघाभर खोल.