शीर्षके गेली, मजकूर राहिला

आमच्या भागाची एक छोटी विकी आहे. कोल्हार भगवतीपूर आणि प्रवरेच्या दोन्ही काठांवरची गावे तिच्यात आहेत. भगवतीमातेच्या मंदिराचे जुने फोटो, नदीला आलेले पूर, १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाल्यावर कालव्याच्या पाण्याने बदललेली पिके, वाड्या-वस्त्यांची नावे. म्हाताऱ्या माणसांनी सांगायचे आणि पोरांनी टाइप करायचे, असे ते वाढले. सॉफ्टवेअर मीडियाविकी, म्हणजे विकिपीडियाचेच, फुकट मिळणारे. खाली डेटाबेस मायएसक्यूएल. लिहिणारे दुसरे, माझ्याकडे फक्त सर्व्हर.

होस्टिंगवाल्याने, नाव घेत नाही, जुन्या सर्व्हरवरची सगळी खाती नव्या सर्व्हरवर हलवली. त्यांच्या लेखी काम फत्ते होते: टेबले जुळली, ओळींची संख्या जुळली. इकडे ‘कोल्हार’ उघडले की ‘असे पान अस्तित्वात नाही’. सर्व पानांची यादी काढली तर मराठीचे एक अक्षर नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’, मागे चलनाचे चिन्ह, पुन्हा ‘ए’, मध्येच जपानी येनचे चिन्ह. आणि गंमत अशी की थेट डेटाबेसमध्ये डोकावले तर लेखांचा मजकूर स्वच्छ मराठीत जागच्या जागी होता. गेली होती ती शीर्षके, सदस्यनावे आणि बदलांचे सारांश.

कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण जुन्या मराठी विकीवर ते आजही लपलेले असू शकते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगवेगळी चिन्हे धरली जातात. ‘कोल्हार’ची ७ चिन्हे, २१ बाइट. जुन्या मीडियाविकीच्या कित्येक मांडण्यांत हे बाइट ‘लॅटिन-१’ अशी पाटी लावलेल्या रकान्यात बसवलेले असत. पाटी खोटी, पण कोणी वाचत नव्हते, म्हणून चालत होते. हलवताना कोणीतरी भल्या हेतूने टेबले यूटीएफ-८ मध्ये ‘कन्व्हर्ट’ केली. डेटाबेसने पाटीवर विश्वास ठेवला, प्रत्येक बाइटला एकेक लॅटिन अक्षर समजून त्याचे पुन्हा यूटीएफ-८ केले. मजकूर मात्र ‘ब्लॉब’ प्रकारच्या रकान्यात असतो, त्याला पाटीच नसते. तेवढ्यावर आमचे निभावले.

उलटा प्रवास अवघड नाही, क्रम मात्र चुकवायचा नाही. बिघडलेला रकाना आधी लॅटिन-१ करायचा, मग बायनरी. थेट बायनरी केला तर बिघाड तसाच राहतो. आणि हे सगळे प्रतीवर करून पाहायचे, चालू डेटाबेसवर नाही. आमचा वेळ गेला तो वेगळ्याच ठिकाणी. पाने गायब दिसताच दोघा-तिघा उत्साही सदस्यांनी ती नव्याने लिहायला घेतली. त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी दोन-दोन ‘कोल्हार’ समोरासमोर आले. एका नावाची दोन पाने डेटाबेस घेत नाही, दुरुस्ती तिथेच अडली. म्हणून काही बिघडले की पहिले काम एकच: विकी फक्त वाचण्यापुरती ठेवायची. सेटिंग्जच्या फाइलमध्ये त्यासाठी एका ओळीची सोय आहे. कारण वगैरे नंतर शोधा.

नवी विकी उभारणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही. मीडियाविकी आता रकाने बायनरीच ठेवते. तरी शीर्षकाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हे. यात्रा, समिती, स्मृतिप्रीत्यर्थ असे सगळे एका शीर्षकात कोंबणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

मायएसक्यूएल की मारियाडीबी, यावर पोरे तासन्‌तास भांडतात. विकिपीडियाने २०१३ मध्ये मारियाडीबी घेतले. आपल्या आकाराच्या विकीला दोन्ही सारखीच. डेटाबेस आपला डेटा मेमरीत जिथे धरून ठेवतो त्या बफर पूलचा आकार मुळात १२८ एमबी असतो. मेमरीच्या ७०-८० टक्के द्या, हा सल्ला जिथे तिथे मिळतो, पण तो फक्त डेटाबेससाठी राखलेल्या यंत्राचा आहे. ४ जीबीच्या भाड्याच्या सर्व्हरवर पीएचपी आणि वेब सर्व्हरही बसलेले असतात. तिथे हाव केली की मेमरी संपते आणि लिनक्स सर्वांत मोठी प्रक्रिया मारून टाकते. ती बहुतेक वेळा डेटाबेसचीच निघते. १ जीबी पुष्कळ झाला. ३३०६ हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडे ठेवायचे नाही, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले तेव्हा आणखी एक धडा मिळाला. गावांच्या पानांवर जिल्ह्याचा साचा लावलेला होता. साच्यात एक शब्द बदलला आणि तो वापरणारे प्रत्येक पान पुन्हा तपासण्याची कामे रांगेत उभी राहिली. मीडियाविकी ही रांग वाचकांच्या खांद्यावर टाकते. मुळातली सोय अशी की साधारण प्रत्येक भेटीमागे एक काम उरकायचे. छोट्या विकीला भेटी कमी, म्हणून रांग हलत नाही, आणि जो वाचक येतो त्याला पान संथ मिळते. तो आकडा शून्य करा आणि रांग क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीवर, रात्री चालवा.

आता कोल्हारमधल्या एका यंत्राबद्दल. मूळ विकी भाड्याच्या सर्व्हरवरच आहे आणि असावी. पण एक प्रत गावात, एका मित्राच्या दुकानातल्या जुन्या संगणकावर चालते. इथे वीज जाते. इन्व्हर्टर होता, तरी प्रत्येक वेळी संगणक बंद पडायचा. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटे बटन असते, ते ‘नॉर्मल’वर होते, ‘यूपीएस’वर केल्यावर थांबले. अचानक बंद पडल्यावर इनोडीबी या नव्या प्रकारची टेबले स्वतःच्या लॉगवरून सावरतात. शोधाचे टेबल मात्र जुन्या मायआयसॅम प्रकारचे होते, ते दर वेळी ‘क्रॅश’ झालेले सापडायचे. दुरुस्त होते, नाही झाले तर शोधसूची नव्याने बांधता येते, त्यासाठी घाबरू नये.

ही प्रत ठेवण्याचा खरा उपयोग सांगतो. डेटाबेसचा दर आठवड्याचा डंप, म्हणजे एका फाइलमध्ये उतरवलेली प्रत, तिथे रिस्टोअर होतो, म्हणून तो चालतो की नाही हे कळते. २०१७ च्या जानेवारीत गिटलॅबसारख्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, वेळेला त्यांतली एकही धड चालली नाही. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताशी होती, म्हणून बचावले. डंप घेताना ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ लावा, म्हणजे कोणी लिहीत असले तरी इनोडीबीची एका क्षणाची सुसंगत प्रत मिळते. फोटो डेटाबेसमध्ये नसतात, ते वेगळ्या फोल्डरात. सेटिंग्जची फाइल तिसरीकडे. तिन्ही घेतले नाहीत तर मंदिराच्या पानावर फोटोंच्या जागी फक्त फाइलींची नावे उरतील. रिस्टोअर झाल्यावर ओळी मोजून समाधान मानू नका. जोडाक्षरांचे शीर्षक असलेले एखादे पान उघडा, त्यातल्या दुव्यावर टिचकी मारा, तो लाल नाही ना ते पाहा. आमच्याकडे ओळी पूर्ण जुळल्या होत्या, हे वर सांगितलेच आहे.

तुमच्या शाळेची, गावाची, मंडळाची विकी असेल तर आजच शेवटच्या डंपची फाइल काढा आणि तिचे शेपूट वाचा. पूर्ण झालेल्या फाइलच्या शेवटी इंग्रजीत ‘डंप कम्प्लिटेड’ अशी ओळ आणि तारीख असते. ओळ नसेल तर फाइल अर्धवट आहे, आणि तारीख जुनी असेल तर तुमचा क्रॉन तेव्हापासूनच बंद आहे.