वीरगळांची चित्रलिपी

महाराष्ट्रातील अनेक गावांच्या वेशीवर, शिवमंदिराच्या आवारात किंवा पाराजवळ कोरीव उभे दगड आढळतात. कोठे त्यांना देव मानून शेंदूर फासला जातो, तर कोठे त्यांच्यावर धुणे धुतले जाते. हे दगड म्हणजे लढताना कामी आलेल्या वीरांची स्मारके, अर्थात वीरगळ होत. बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. त्यामुळे त्यांवरील चिन्हे हाच गावच्या इतिहासाचा पुरावा ठरतो.

वीरगळ खालून वर वाचावा. तळच्या चौकटीत वीराचे मरण दाखविलेले असते. शेजारी गाई असल्यास गोधनाच्या रक्षणार्थ त्याने प्राण वेचले, असे समजावे. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या नौका कोरल्या आहेत. अनेक अभ्यासक त्यांचा संबंध तेराव्या शतकातील शिलाहार-यादव सागरी युद्धाशी जोडतात. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर बहुधा कलश असतो. चंद्रसूर्य सुचवितात की, ते आकाशात असेतो वीराची कीर्ती टिकेल.

बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात हे सतीशिळेचे चिन्ह होय. चुडा हा अखंड सौभाग्याचा द्योतक. वीराच्या पराक्रमाचे तपशील कोरले गेले; स्त्रीच्या वाट्याला मात्र अनेकदा केवळ हात आला. ही शिळा इतिहासाचा पुरावा म्हणून जपावी. सतीप्रथेचे उदात्तीकरण १९८७ च्या केंद्रीय कायद्यान्वये गुन्हा आहे.

केवळ एका चिन्हावरून मात्र निष्कर्ष काढू नये. चंद्रसूर्य गद्धेगाळावरही असतात. परंतु त्याखाली गाढव व स्त्री यांचे शिल्प असते. तो दगड मृताचे स्मारक नसून, दिलेले दान मोडणाऱ्यास शाप देणारा असतो.

रस्तारुंदी वा मंदिराचा जीर्णोद्धार करताना असे दगड पायात गाडले जातात किंवा रंगाखाली झाकले जातात. ग्रामपंचायतीने कामापूर्वी त्यांची नोंद करावी आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयास कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून त्यांची मापे, छायाचित्रे व मूळ जागा टिपून घ्यावीत. शेंदूर स्वतः खरवडू नये. त्याने कोरीवकाम झिजते. दगड जागेवरून हलला की, तो कोणत्या वेशीच्या रक्षणासाठी पडलेल्या माणसाचा होता, हे सांगणारा दुसरा साक्षीदार बहुधा उरत नाही.