‘प्लाउ इन्टू’ : अर्थ, उपयोग आणि अनुवाद

इंग्रजीत क्रियापदाला अव्यय जोडून जी क्रियापदे सिद्ध होतात, त्यांचा अर्थ पुष्कळदा घटकशब्दांच्या बेरजेतून हाती लागत नाही. ‘प्लाउ’ म्हणजे नांगरणे आणि ‘इन्टू’ म्हणजे ‘आत’. परंतु अपघाताच्या बातमीत ‘प्लाउ इन्टू’ याचा अर्थ ‘वेगाने जाऊन एखाद्या वस्तूत वा जमावात घुसणे’ असा होतो.

अर्थच्छटा : नांगराचा फाळ जमिनीला टेकून थांबत नाही, माती फोडीत तो पुढे जातो. हीच प्रतिमा या क्रियापदाच्या मुळाशी आहे. ‘क्रॅश इन्टू’ या क्रियापदात आघातावर भर असल्याने ‘आदळणे’ किंवा ‘धडकणे’ हे प्रतिशब्द योग्य ठरतात. ‘द ट्रक प्लाउड इन्टू द क्राउड’ या वाक्याचा अनुवाद मात्र ‘ट्रक गर्दीत घुसला’ असा करावा. ‘गर्दीला धडकला’ असे म्हटल्यास आत शिरत जाण्याची क्रिया लोप पावते. पुढे भिंतीसारखा अडथळा असेल, तर ‘आदळणे’ स्वीकारता येईल.

अनुवादकाची जबाबदारी : मराठीतील ‘गाढवाचा नांगर फिरवणे’ या वाक्प्रचारातही नांगर आहे, परंतु तेथे जाणूनबुजून केलेला विध्वंस अभिप्रेत असतो. ‘प्लाउ इन्टू’ हे क्रियापद हेतूविषयी काहीच सांगत नाही. ब्रेक निकामी झाल्याने घुसलेल्या वाहनासाठी आणि मुद्दाम घातलेल्या वाहनासाठी ते सारखेच वापरले जाते. म्हणून मुळात ‘ट्रक’ हा कर्ता असताना ‘चालकाने ट्रक गर्दीत घातला’ असे लिहिणे म्हणजे चौकशीपूर्वीच एका माणसाला दोषी ठरवणे होय. उलटपक्षी, मूळ वाक्यात चालक हा कर्ता असेल, तर त्याला वगळून केवळ ‘ट्रक घुसला’ असे लिहिणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल.

अन्य उपयोग : व्यवसायात ‘प्लाउ मनी इन्टू’ म्हणजे एखाद्या उद्योगात मोठ्या प्रमाणावर पैसा ओतणे. ‘प्लाउ थ्रू’ म्हणजे कंटाळवाणे पुस्तक वा काम नेटाने तडीस नेणे.

सारांश : प्रतिशब्द निवडण्यापूर्वी क्रियापदामागील प्रतिमा, वाक्यातील कर्ता आणि हेतूचा उल्लेख या तीन गोष्टी तपासाव्यात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : ‘द बस प्लाउड इन्टू अ शॉप’ या वाक्याचा मराठी अनुवाद करा आणि आपण निवडलेल्या क्रियापदाचे समर्थन दोन-तीन वाक्यांत लिहा.